नगरची बाई, बँकॉकची नोकरी

ऑफर लेटर आलं तेव्हा मी क्लासवर नववीच्या पोरांना पॅसिव्ह व्हॉइस शिकवत होते. फोन टेबलावर थरथरला. बँकॉकमधल्या एका भाषाशाळेत इंग्रजी शिक्षिका, महिना तीस हजार बात. म्हणजे त्या वेळच्या हिशेबानं साधारण सत्तर हजार रुपये. एम. ए. होऊन आठ महिने झाले होते आणि तोवर माझी सगळ्यात मोठी कमाई तासाला दोनशे रुपये होती.

घरी आईचा पहिला प्रश्न, "राहणार कुठं?" बाबांचा पहिला प्रश्न, "परतीचं तिकीट कोण देणार?" मी दोघांवरही वैतागले. मला वाटलं, यांना आनंद कसा तो होत नाही.

त्या रात्री एजंटचा फोन आला. त्यानं अभिनंदन केलं आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, शाळेच्या वेबसाइटसाठी परिचय पाठवायचाय ना, त्यात गाव लिहू नका. नुसतं 'इंटरनॅशनल टीचर' लिहा. फोटो जरा उजळ टाका. नेटिव्ह स्पीकरना ते चाळीस देतात, तुम्हाला तीस. पालकांनी विचारलं नाही तर पुढं वाढवून घेता येईल."

मी "बघते" म्हटलं आणि झोप येईना म्हणून बँकॉकबद्दल वाचत बसले. रात्री दीडच्या सुमाराला कळलं की बँकॉकमध्ये इंग्रजी शिकवणारी जगातली सगळ्यात प्रसिद्ध बाई माझ्याच गावात जन्मली होती. आणि तिनंही गाव लपवलं होतं.

छावणीतली मुलगी

ॲना लिओनोवेन्स. 'द किंग अँड आय' हे संगीत नाटक किंवा त्यावरचा १९५६चा सिनेमा माहीत असेल, तर ही त्यातली मास्तरीणबाई. सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या राजाच्या मुलांना शिकवायला गेलेली, घोळदार झग्यातली रुबाबदार इंग्रज विधवा.

स्वतःबद्दल ती सांगायची ते असं : जन्म वेल्समधला, १८३४चा, वडील सैन्यात कॅप्टन, नवरा लष्करी अधिकारी. जवळजवळ शंभर वर्षं लोकांनी हे खरं मानलं. मग डब्ल्यू. एस. ब्रिस्टो नावाच्या एका इंग्रज माणसानं तिच्या मुलाच्या चरित्रासाठी कागदपत्रं धुंडाळायला घेतली. हा गृहस्थ मूळचा कोळ्यांचा अभ्यासक. कोळी म्हणजे जाळं विणणारे. एकेक धागा ओढण्याची सवय असणार. वेल्समधली जन्मनोंद काही सापडेना, आणि धागा थेट मुंबई इलाख्यात येऊन पोचला. त्याचं पुस्तक १९७६ साली आलं. पुढे सुझन मॉर्गन यांनी २००८ साली तिचं सविस्तर चरित्र लिहिलं. त्याचं नावच 'बॉम्बे ॲना'.

खरी हकीकत अशी. ॲना एडवर्ड्स, जन्म नोव्हेंबर १८३१, अहमदनगर. आपलं नगर, आजचं अहिल्यानगर. वडील कंपनी सरकारच्या फौजेत सार्जंट, ते तिच्या जन्माआधीच वारले. आजी भारतीय किंवा मिश्र वंशाची असावी, असा अभ्यासकांचा कयास आहे. आईनं पुन्हा लग्न केलं तेही एका साध्या आयरिश शिपायाशी. ॲनाचं लग्न १८४९ साली पुण्यात झालं. नवरा टॉमस लिऑन ओवेन्स हा कारकून. पुढे कधीतरी या नावातले दोन तुकडे जोडले गेले आणि 'लिओनोवेन्स' हे भारदस्त आडनाव तयार झालं.

जोडपं ऑस्ट्रेलियात गेलं, मग मलायाकडे आलं. चार मुलांपैकी दोन तान्हेपणीच गेली. १८५९ साली पेनांगमध्ये नवरा वारला. सत्तावीस वर्षांची ॲना एक मुलगी, एक मुलगा घेऊन सिंगापूरला आली. तिथं तिला कुणी ओळखत नव्हतं. छावणीतल्या सार्जंटच्या पोरीची तिथं 'कॅप्टनची मुलगी' झाली. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी तिनं शाळा काढली. शाळेतून पैसा काही नीट सुटेना.

आणि मग ऑफर आली.

राजाला काय हवं होतं

आपण ऑफरकडे बघतो ते आपल्या बाजूनं. पगार, घर, तिकीट. समोरच्याला ही जागा का भरायची आहे, हे विचारायचं बहुतेकांना सुचत नाही. मलाही सुचलं नव्हतं.

राजा मोंगकुट गादीवर आला १८५१ साली. त्याआधी सत्तावीस वर्षं तो बौद्ध भिक्खू होता. मठात असतानाच तो मिशनऱ्यांकडून इंग्रजी आणि लॅटिन शिकला. खगोलशास्त्राचा त्याला भारी नाद. आजूबाजूला काय चाललंय हे त्याला नीट दिसत होतं. पश्चिमेला ब्रह्मदेशाचे लचके इंग्रज तोडत होते, पूर्वेला व्हिएतनाममध्ये फ्रेंच घुसत होते. १८५५ साली त्यानं इंग्रजांशी बाउरिंग करार केला आणि व्यापाराचे दरवाजे उघडले. ज्यांच्याशी वाटाघाटी करायच्या त्यांची भाषा आपल्या मुलांना आली पाहिजे, दुभाष्यावर राज्य चालत नाही, हा त्याचा सरळ हिशेब.

एक प्रयोग त्यानं आधी करून पाहिला होता. अमेरिकन मिशनऱ्यांच्या बायका राजवाड्यात येऊन राण्यांना इंग्रजी शिकवायच्या. पण इंग्रजीच्या आडून ख्रिस्ताची शिकवण सुरू झाली आणि ते वर्ग बंद पडले. त्यामुळं या वेळी राजाला मिशनरी नको होता. सिंगापूरमधला सयामचा वकील तान किम चिंग आणि बोर्निओ कंपनीचा व्यवस्थापक विल्यम ॲडमसन यांच्यामार्फत शोध सुरू झाला, आणि नाव पुढे आलं ॲनाचं.

राजानं तिला स्वतः इंग्रजीत पत्र लिहिलं, फेब्रुवारी १८६२ मध्ये. पत्रातला सर्वांत स्पष्ट मुद्दा कोणता? भाषा शिकवा, विज्ञान शिकवा, साहित्य शिकवा. धर्मांतर करायचं नाही. त्याला ज्याची भीती होती ते त्यानं शाईनं लिहून ठेवलं होतं. पगार ठरला महिना १०० डॉलर.

ॲनाला ज्याची काळजी होती, म्हणजे राहायचं कुठं, दिवसाचं काम किती, पगार कधी वाढणार, ते मात्र मध्यस्थांच्या बोलण्यात राहिलं. मुलीला तिनं इंग्लंडला शाळेत पाठवलं आणि पाच वर्षांच्या लुईला घेऊन ती बोटीत बसली.

जे लिहिलं नव्हतं ते

मार्च १८६२ मध्ये बोट बँकॉकला लागली. पुढचं तिनं आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. तिचं सगळंच खरं मानायचं नसतं हे आता आपल्याला माहीत आहे. राजवाड्यातल्या छळाच्या तिच्या काही गोष्टी इतिहासकारांनी अमान्य केल्या आहेत, आणि तिच्यावरचे सिनेमे थायलंडमध्ये बंदी घालण्याइतके लोकांना झोंबले आहेत. पण घराची तक्रार मला खोटी वाटत नाही. परगावी भाड्याची खोली शोधलेल्या कुणालाच वाटणार नाही.

पहिल्या रात्री तिच्यासाठी जागाच नव्हती. बंदरावरच्या एका इंग्रज कप्तानाच्या कुटुंबानं तिला रात्रीपुरता आसरा दिला. नंतर काही काळ ती पंतप्रधानाच्या वाड्यात राहिली. तिचं म्हणणं, मला राजवाड्याबाहेर स्वतंत्र घर कबूल केलं होतं. राजाचं म्हणणं, मी असं काही कबूल केल्याचं मला माहीत नाही, तू आत राहा. आत राहायचं म्हणजे संध्याकाळी दरवाजे बंद झाले की आपणही बंद. ती अडून बसली. मध्येच मासळी बाजाराजवळ एक इतकं गलिच्छ घर दाखवण्यात आलं की ती आल्या पावली परतली. बरीच ओढाताण होऊन अखेर घर मिळालं.

मग कामाचा प्रश्न. राण्यांना आणि मुलांना शिकवायचं एवढंच ठरलं होतं. हळूहळू राजाची इंग्रजी पत्रं बघायचं काम तिच्याकडे आलं. परदेशांशी चाललेल्या पत्रव्यवहारात मदत, शब्द शोधणं, मसुदे करणं. शिक्षिका होती तशी ती बिनपगारी चिटणीसही झाली. काम वाढलं तसा पगार वाढावा अशी तिची अपेक्षा होती; त्यावरून तिचं राजाशी वाजत राहिलं.

तरी ती पाच वर्षांहून जास्त टिकली. वर्गात पहिल्या दिवशी आठ वर्षांचा असलेला राजपुत्र चुलालाँगकॉर्न पुढे सयामचा मोठा सुधारक राजा झाला, त्याच्या काळात गुलामगिरी संपली. श्रेय सगळं ॲनाचं नव्हे. ते त्याचं, त्याच्या बापाचं आणि कितीतरी सयामी माणसांचं. पण त्याला इंग्रजी शिकवणाऱ्यांत ती होती, हे खरं.

१८६७ मध्ये प्रकृतीसाठी रजा घेऊन ती निघाली. जरा चांगल्या अटींवर परत यायची बोलणी चालू होती. तेवढ्यात, ऑगस्ट १८६८ मध्ये, स्वतः गणित करून वर्तवलेलं खग्रास सूर्यग्रहण बघायला राजा दलदलीच्या भागात गेला. ग्रहण बरोबर लागलं. पण तिथं त्याला हिवताप झाला आणि ऑक्टोबरमध्ये तो वारला. नव्या राजानं तिला आपुलकीचं पत्र लिहिलं, पण परत बोलावलं नाही. सहा वर्षांनी नोकरी संपली ती अशी. पुढे पोटापाण्यासाठी तिनं पुस्तकं लिहिली, आणि त्या पुस्तकांनीच तिचं खोटं चरित्र जगभर पोचवलं.

माझं पत्र

पहाटे मी माझी दोन पानांची पीडीएफ पुन्हा उघडली. या वेळी वाचताना दोन रकाने पाडले : शाळेला ज्याची भीती आहे ते, आणि मला ज्याची भीती आहे ते. पहिला रकाना गच्च भरला. वर्ष पूर्ण व्हायच्या आत सोडलं तर दंड. जवळच्या दुसऱ्या शाळेत शिकवायचं नाही. विद्यार्थ्यांचे फोन नंबर घ्यायचे नाहीत. सगळं क्रमांक घालून, स्पष्ट. दुसऱ्या रकान्यात एकच ओळ होती, 'राहण्यासाठी मदत केली जाईल'. मदत म्हणजे काय? खोली, की खोल्यांच्या जाहिरातींची लिंक?

आई आणि बाबांचे प्रश्न मला आदल्या संध्याकाळी टोचले होते. १८६२ मध्ये ॲनाला नेमके तेच विचारणारं कुणी नव्हतं.

मी शाळेला मेल लिहिली. पाच प्रश्न. व्हिसा कोणता आणि वर्क परमिट कधी? आठवड्याला वर्गात किती तास आणि वर्गाबाहेर किती? खोलीचं भाडं कोण देणार? करार मध्येच शाळेनं मोडला तर काय? परतीचं तिकीट?

दोन दिवसांनी उत्तर आलं. तिकीट नाही, भाडं माझं, दोन्ही सरळ सांगितलं होतं. त्याबद्दल तक्रार नाही. तास 'गरजेप्रमाणे'. करार मोडण्याबद्दल काहीच नाही. आणि व्हिसा? सध्या पर्यटक म्हणून या, बाकीचं नंतर करू.

थायलंडमध्ये पर्यटक व्हिसावर शिकवणं बेकायदा आहे. कामाचा व्हिसा वेगळा, वर्क परमिट वेगळं. ते नसेल तर पगार बुडाला म्हणून तक्रार करायला जाणार कुठं? आपणच गुन्हेगार ठरतो. ॲना निदान राजाशी भांडू शकत होती, कारण तिच्या हातात त्याच्या अक्षरातलं पत्र होतं आणि बंदरात इंग्रजांची बोट होती. माझ्या हातात 'नंतर करू' होतं.

मी नाही कळवलं. एजंट दोन दिवस फोन करत राहिला. नंतर क्लासवर परत दोनशे रुपये तास. बाबा काही बोलले नाहीत, आई मात्र एकदा म्हणाली, "चुकलं तर नाही ना गं आपलं?" मला उत्तर माहीत नव्हतं. आठवडाभर मी रोज हिशेब करायचे, आतापर्यंत किती बात झाले असते याचा.

गाव लपवण्याबद्दल मात्र मी खूप दिवस विचार केला. ॲनावर रागवावं असं मला वाटलं होतं. ते जमलं नाही. विधवा, दोन लहान मुलं, हातात पैसा नाही, आणि समोरचं जग माणसाची किंमत जन्मगावावरून ठरवणारं. नगरच्या छावणीतली मिश्र रक्ताची सार्जंटकन्या म्हणून तिला ती नोकरी मिळाली असती का? मला नाही वाटत. पण त्याची किंमत तिनं आयुष्यभर मोजली. बहीण, आई, गाव, सगळ्यांशी संबंध तोडावा लागला, कारण त्यांच्यातलं कुणीही तोंड उघडलं असतं तर सगळंच कोसळलं असतं. १९१५ साली माँट्रियलमध्ये ती वारली, तेव्हाही ती वेल्सचीच होती.

आणि गंमत अशी की राजपुत्राला इंग्रजी शिकवलं ते नगर-पुण्याच्या छावण्यांत वाढलेल्या मुलीनंच. ते इंग्रजी चाललं. तिच्या उच्चारांबद्दल नाही, पगाराबद्दल भांडणं झाली.

पाच महिन्यांनी खोन केनमधल्या एका लहान शाळेचं पत्र आलं. पगार आधीच्यापेक्षा चार हजार बात कमी. पण तास लिहिलेले होते, खोली लिहिलेली होती आणि व्हिसासाठी शाळेनं द्यायची कागदपत्रं मी तिकीट काढायच्या आधी आली. पाच प्रश्नांपैकी चारांची उत्तरं नीट होती. परतीचं तिकीट माझं मलाच काढायचं होतं. ते बाबांनी काढून दिलं, परत येशील तेव्हा पैसे दे म्हणाले.

शाळेच्या वेबसाइटसाठी परिचय मागितला तेव्हा मी पहिल्या ओळीत गावाचं नाव घातलं. मुख्याध्यापिकाबाईंनी तेवढंच विचारलं, "हे कुठं आलं?"

मी म्हटलं, "तुमच्या राजाच्या इंग्रजीच्या बाई होत्या ना, त्यांचं गाव."

त्यांनी मान हलवली आणि हसून सांगितलं की त्या बाई वेल्सच्या होत्या.