भस्म्या, बुलिमिया आणि वजनाचा पूर्वेतिहास

एखादा मुलगा पानावरून उठता उठत नाही असे दिसले, म्हणजे “याला भस्म्या तर झाला नाही ना?” असे घरातील वडील माणसे विचारीत. विचारण्यात थट्टाच अधिक असे. परंतु भस्म्या हा शब्द थट्टेसाठी जन्मलेला नाही. भस्मक किंवा अत्यग्नी या नावाने आयुर्वेदाच्या ग्रंथांत त्याची नोंद आहे. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने १९४१ साली यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादिलेली चरकसंहिता प्रसिद्ध केली. तिच्या चिकित्सास्थानात, ग्रहणीविकारांच्या अध्यायात, हे वर्णन आढळते. ज्या मनुष्याचा कफ क्षीण झाला आहे त्याच्या ठिकाणी वाताच्या साहाय्याने पित्त खवळते; मग जठराग्नी खाल्लेले अन्न पुन्हापुन्हा जाळतो आणि अन्न संपले की शरीरातील धातूंवर उठतो. रोग्यास जेवल्यावर बरे वाटते, अन्न पचताच तो कासावीस होतो. यावर चरकाने उपाय सांगितला आहे तो उपवासाचा नव्हे. जड, स्निग्ध, मधुर व शीत असे अन्न त्याला वरचेवर द्यावे, अग्नीला इंधनावाचून राहू देऊ नये, असे त्याचे म्हणणे आहे.

वर्णनाचा आरंभ क्षीणतेपासून होतो, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. खादाड दिसणाऱ्या माणसाचे आधी काही तरी झिजलेले असते, असे त्या जुन्या वैद्यास दिसले होते.

ग्रीक लोकांच्या भाषेत अशा भुकेला ‘बुलिमिया’ म्हणत. ‘बूस’ म्हणजे बैल आणि ‘लिमोस’ म्हणजे भूक. बैलाएवढी भूक असा त्याचा सरळ अर्थ. इसवी सनापूर्वी ४०१ च्या सुमारास झेनोफन हा ग्रीक सेनानी आपल्या सैन्यासह आर्मेनियाच्या बर्फातून परतत असता वाटेत माणसे धडाधड कोसळू लागली. हा प्रकार काय आहे हे त्याला कळेना. एका अनुभवी माणसाने सांगितले, ‘हा बुलिमिया, यांना काही खायला मिळाले तर उठतील.’ झेनोफनने सामानाच्या जनावरांवर मिळाले ते वाटले, आणि खाल्लेली माणसे उठून चालू लागली. पुढे प्लुटार्कने आपल्या कायरोनिया गावच्या एका विधीचे वर्णन केले आहे. त्यात एका गुलामास छड्या मारीत दाराबाहेर काढीत आणि ‘भूक बाहेर, संपत्ती व आरोग्य आत’ असे म्हणत. आश्विनी अमावास्येच्या रात्री सूप वाजवून अलक्ष्मीस घराबाहेर घालविण्याची आपल्याकडील चाल ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा विधी परका वाटणार नाही.

तथापि भस्मक, बैलाची भूक आणि आज वैद्यकात बुलिमिया म्हणून ओळखला जाणारा रोग ही तीन एकच नव्हेत. जुन्या दोन विकारांत वजन वाढण्याची धास्ती नाही. नव्या रोगाचे मूळ त्या धास्तीत आहे.

लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातील मानसोपचाराचे प्राध्यापक जेरल्ड रसेल यांनी १९७९ साली या रोगाला ‘बुलिमिया नर्व्होसा’ हे नाव दिले. त्यांच्यापुढे तीस रुग्णांचा अनुभव होता. त्यांपैकी अठ्ठावीस स्त्रिया होत्या. अनावर ओढीने पुष्कळ खाणे, खाल्लेले वांतीने किंवा रेचकाने काढून टाकणे, आणि लठ्ठ होण्याचे विलक्षण भय, असे तीन पदर त्यांनी दाखविले. बोटांच्या पेरांवर पडणारा घट्टा ते पाहून ओळखीत. त्या खुणेस आजही त्यांचेच नाव आहे. गालांच्या मागील लाळग्रंथी सुजतात, दातांवरचे कठीण आवरण झिजते, रक्तातील पोटॅशियम उतरते. शेवटची गोष्ट जीवघेणी, कारण तिने हृदयाचा ठेका चुकतो. हे सर्व घडत असता रुग्णाचे वजन बहुधा चारचौघींसारखेच असते. घरच्यांना वर्षानुवर्षे कळत नाही ते यामुळेच.

रसेल यांची खरी सूक्ष्म दृष्टी पुढे आहे. आजचे वजन किती एवढ्यावर ते थांबले नाहीत. आजारापूर्वी ते किती होते हेही त्यांनी पाहिले. त्यांच्या बहुतेक रुग्णांनी पूर्वी कधी तरी अन्न तोडून वजन बरेच उतरविले होते. पुढे ते काहीसे भरून आले तरी रुग्णाने मनाशी एक मर्यादा आखून ठेविलेली असे, आणि ती मर्यादा तिच्या निरोगी काळच्या वजनाच्या बरीच खाली असे. म्हणजे काट्यावर सामान्य दिसणारी ही मुलगी स्वतःच्या शरीराच्या मानाने उपाशीच होती.

उपाशी शरीर काय करते याचा दाखला याआधीच मिळालेला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी छत्तीस निरोगी तरुणांवर प्रयोग केला. युद्धात लढण्यास सदसद्विवेकाने नकार दिलेले हे तरुण स्वखुशीने त्यात आले होते. १९४५ मध्ये सुमारे सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवून वजन चतुर्थांशाने उतरविले. ते रात्रंदिवस अन्नाचेच बोलू लागले, पाककृतींची पुस्तके वाचू लागले. पुन्हा अन्न मिळू लागले तेव्हा काहींनी पोट बिघडेपर्यंत खाल्ले, तरी भूक शमेना. या तरुणांना लठ्ठपणाचे भय नव्हते, आरशाचे वेड नव्हते. तरीही वखवख आली. तेव्हा तिला स्वभावदोष म्हणणे कितपत न्यायाचे?

असे असूनही १९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने रोगनिदानाच्या पुस्तकात बुलिमियास जागा दिली, तेव्हा पूर्वीच्या वजनाशी तुलना करण्याची अट त्यात आली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या वर्गीकरणात रसेल यांचे मत मात्र टिकून राहिले. कोष्टके भरण्याच्या सोयीत रोग्याचा इतिहास गळून पडतो, हे वैद्यकातच घडते असे नाही. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठातील मायकेल लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकविसाव्या शतकाच्या आरंभी हा विषय पुन्हा उचलला. प्रौढपणीचे सर्वांत अधिक वजन आणि आजचे वजन यांतील अंतर ते मोजू लागले. हे अंतर मोठे असलेल्या रुग्णांचे वजन पुढे वाढण्याकडे अधिक कल असतो असे त्यांना आढळले. म्हणजे ज्या गोष्टीचे भय, तिच्याकडेच शरीर ओढ घेते. उपचाराचा गुण येण्याशी या अंतराचा संबंध किती, याविषयी मात्र संशोधकांचे एकमत झालेले नाही.

काट्याचा आकडा किती फसवा असतो याचे उदाहरण पुण्यातही आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपले दोघांचे छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. विषय मधुमेहाचा होता; पण एकाच आकड्याखाली दोन निराळी शरीरे, दोन निराळे इतिहास दडलेले असतात, हे त्याने दिसले.

आता अंबरनाथ आणि बदलापूर यांच्यामधल्या चिखलोलीसारख्या गावाकडे पाहावे. तेथे धरण आहे, कारखाने आहेत, आणि नव्या रेल्वे स्थानकाचे कामही हाती घेण्यात आले. अशा ठिकाणच्या मुलीस डॉक्टरांनी ‘तुझे सर्वांत अधिक वजन कधी व किती होते?’ असे विचारले, तर ती कोठे शोधणार? अंगणवाडीच्या तक्त्यावर सहा वर्षांपर्यंत वजन लिहिले जाते; नंतर थेट गरोदरपणाच्या कार्डावर. मधल्या वर्षांची सलग नोंद घरी क्वचितच असते, आणि हा रोग सुरू होतो तो बहुधा त्याच वर्षांत. मुंबईच्या उपनगरी स्थानकांवर नाणे टाकून वजन करण्याची यंत्रे होती. त्यांतून निघणाऱ्या चिठ्ठीवर एका बाजूस आजचे वजन आणि दुसऱ्या बाजूस उद्याचे भविष्य छापलेले असे. कालचे वजन विचारण्याची सोय तेवढी नसे. तेव्हा पूर्वीचे वजन आठवते ते बहुधा आईला, कपड्यांवरून, किंवा ‘तेव्हा किती जाड होतीस’ या बोलण्यावरून. त्या बोलण्याचेही वजन असते. ऑक्सफर्डच्या क्रिस्टोफर फेअरबर्न यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, बालपणीचा लठ्ठपणा आणि आहार, अंग, वजन यांवरून घरच्यांनी केलेली टीका, ही दोन्ही या रोगाच्या पूर्वइतिहासात अधिक आढळली.

फेअरबर्न यांनीच १९८१ पासून या रोगावरील मानसोपचाराची पद्धत घडविली. तिच्यात पहिले काम वजन उतरविण्याचे नसते; ठरावीक वेळी, मध्ये फार अंतर न ठेवता, नेमाने जेवण्याचे असते. चरकाच्या इंधनाची येथे आठवण होते, जरी दोघांची उपपत्ती अगदी भिन्न आहे. या पद्धतीत रुग्णाचे वजन आठवड्यातून एकदाच, उपचार करणाऱ्याच्या समक्ष घेतात. दोघे मिळून ते आलेखावर मांडतात, आणि एका आकड्यावरून काहीच ठरवायचे नाही, चार आठवड्यांची रेघ पाहूनच बोलायचे, असा नियम असतो.