एकाच नावाची दोन कार्डं

गेल्या दिवाळीत घरी माळा आवरताना माझा जुना निन्टेन्डो डीएस लाइट सापडला. मी शाळेत असताना मामाने परदेशातून आणला होता. चार्जर कुठेतरी वायरींच्या गुंत्यात होता, तो शोधला, अर्धा तास लावून ठेवला आणि हिरवा दिवा लागला. आत कार्ड तसंच होतं, त्यावर ‘आर४’ अशी अक्षरं. मेनू उघडला, गेम निवडला, तर पडद्यावर सूचना आली: सॉफ्टवेअर जुनं झालंय, नवं उतरवून घ्या. आता कुठून घेणार? डब्यावर छापलेला पत्ता कधीच बंद पडलेला.

मग मी कन्सोलचं घड्याळ मागे नेलं. साल २०१२ केलं. गेम मुकाट सुरू झाला.

म्हणजे कार्ड बिघडलंच नव्हतं. बनवणाऱ्याने त्यात मुदत घालून ठेवली होती. दुधाच्या पिशवीवर असते तशी, फक्त न छापलेली. शाळेत आम्ही मुलं ‘कुठलं कार्ड घ्यावं’ यावर मधल्या सुट्टीभर वाद घालायचो, आणि या मुदतीचा विचार एकाच्याही डोक्यात आला नव्हता.

तुमच्यातले बरेच जण सध्या पेटची तयारी करत असाल किंवा सिनॉप्सिससाठी विषय धुंडाळत असाल. माझी एम.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्समधली आणि आता काम साठवण-माध्यमांच्या इतिहासावर, त्यामुळे ‘हा पण काय विषय झाला?’ हे मी पुष्कळ ऐकलंय. म्हणून आज हीच क्षुल्लक वाटणारी निवड घेतो. लोकांनी फ्लॅश कार्ड कशावरून निवडलं आणि शेवटी ठरलं कशावरून, हे नीट पाहिलं की त्यात संशोधनाचा प्रश्न कुठे दडलेला असतो ते दिसतं.

ज्यांनी हे प्रकरण पाहिलंच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. निन्टेन्डो डीएस २००४ च्या अखेरीस बाजारात आला आणि पुढे त्या घराण्याचे १५ कोटींहून जास्त नग विकले गेले. त्याचे गेम टपालाच्या तिकिटापेक्षा जरा मोठ्या कार्डावर यायचे. फ्लॅश कार्ड म्हणजे त्याच आकाराचं, पण आपल्याला हवं ते भरता येणारं कार्ड. त्यात हौशी प्रोग्रामरांनी लिहिलेली सॉफ्टवेअर चालायची, गाणी वाजायची आणि, आडपडदा कशाला, चोरून उतरवलेले गेमही चालायचे. बहुतेकांनी घेतलं ते शेवटच्या कारणासाठीच.

आता जरा मागे, २००१ च्या गेम बॉय ॲडव्हान्सकडे जाऊ. त्याच्या कार्ट्रिजची स्मृती थेट प्रोसेसरच्या पत्त्यांमध्ये जोडलेली असायची. प्रोसेसर अमुक पत्त्यावरची सूचना मागणार आणि ती लगेच मिळायला हवी. इथे तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांचं काम आठवा. १९८० च्या दशकात त्यांनी फ्लॅश स्मृतीचे दोन प्रकार मांडले, आधी नॉर आणि मग नँड. नॉर म्हणजे किराणा दुकान, सुटं मागा, सुटं मिळेल. नँड म्हणजे होलसेलवाला. स्वस्त पडतो, पण पोतंच उचलावं लागतं. गेम बॉयला सुटं हवं होतं, त्यामुळे त्या काळच्या फ्लॅश कार्डांत महागडी नॉर स्मृती असायची. नँडवर चालणारी मेमरी कार्डं वापरायची तर मधे वेगळी रॅम घालावी लागे: पोतं आधी घरी आणून ओतायचं, मग चमच्याने वाढायचं.

या तपशिलावर खरेदीचं सगळं गणित होतं. ईझी-फ्लॅश ४ मध्ये १६ एमबीची रॅम आणि ३२ एमबीची नॉर होती. मोठा गेम रॅममध्ये मावला नाही की नॉरमध्ये लिहावा लागे आणि त्याला वेळ लागे. खेळातली प्रगती टिकवायला आत बटणासारखी बॅटरी. सुपरकार्डच्या सुरुवातीच्या कार्डांची रॅम मंद होती, त्यामुळे काही गेम अडखळत चालायचे. थोडक्यात, त्या काळात ‘कुठलं चांगलं?’ या प्रश्नाचं उत्तर सर्किटमध्ये होतं. उघडून पाहिलं तर कळायचं.

डीएसला दोन स्लॉट होते. वरचा डीएसच्या नव्या कार्डांसाठी, खालचा गेम बॉयच्या जुन्या कार्ट्रिजसाठी. वरच्या स्लॉटमध्ये ओळख पटवायचा सांकेतिक संवाद होता, तो सुरुवातीला कुणाला फोडता आला नाही. म्हणून ‘पासमी’ नावाची युक्ती निघाली. खरा गेम एका छोट्या मध्यस्थ पट्टीवर बसवायचा, ओळख त्याने पटवायची आणि दार उघडताच कन्सोलला खालच्या स्लॉटकडे वळवायचं. लग्नात वऱ्हाडी दारात उभा राहतो आणि मागून चार अनोळखी लोक पंगतीला बसतात, तसं! पुढे तो संवाद उलगडला आणि वरच्याच स्लॉटमध्ये मावणारी कार्डं आली. आर४ त्यातलं सगळ्यात गाजलेलं.

आर४ स्वस्त का होतं? इथे जरा थांबा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. डीएस आपल्या कार्डावरून प्रोग्राम थेट चालवत नाही. तो ‘अमुक तुकडा दे’ असा हुकूम सोडतो आणि आलेला तुकडा स्वतःच्या ४ एमबी रॅममध्ये ठेवून तिथून चालवतो. म्हणजे नव्या कन्सोललाच पोतं चालत होतं! मग कार्डात ना महागडी नॉर लागत होती, ना वेगळी रॅम. हुकूम ऐकायचा, मायक्रोएसडीवरून तुकडा आणून द्यायचा, एवढंच काम. एक-दोन चिपा, मायक्रोएसडीची खोबण आणि प्लास्टिकचं कवच. जे बनवणं इतकं सोपं, त्याची नक्कलही तितकीच सोपी. थोड्याच दिवसांत आर४आय, आर४ एसडीएचसी, सोनेरी आर४, अशी रांग लागली. त्यातल्या बहुतेकांचा मूळ बनवणाऱ्यांशी काही संबंध नव्हता.

घेणाऱ्यांचे निकष मात्र जुनेच राहिले. किती जीबी चालतं? मूळ आर४ ला २ जीबीपर्यंतचंच मायक्रोएसडी चाले. त्यापुढची एसडीएचसी जात त्याला वाचताच येत नसे. मग नावात ‘एसडीएचसी’ असलेली नक्कल लोकांना मूळ वस्तूपेक्षा सरस वाटली, आणि त्या एका मुद्द्यापुरती ती होतीही. दुसरा निकष वेग. लोक मायक्रोएसडीवरचा ‘क्लास’ पाहून महाग कार्ड घ्यायचे. तो आकडा सलग लिहिण्याचा किमान वेग सांगतो. गेमला हवं होतं इकडून तिकडून बारीक तुकडे पटकन वाचणं, आणि त्याबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही. मोजता येतं म्हणून लोक ते मोजत होते. (माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मी अगदी हेच केलं होतं. गाइडने लाल शाईने फक्त ‘का?’ लिहून परत दिला.)

जे मोजलं जात नव्हतं ते म्हणजे: हे सॉफ्टवेअर उद्या कोण सांभाळणार? गेम बनवणाऱ्या कंपन्या दर नव्या गेममध्ये नकली कार्ड ओळखायच्या क्लृप्त्या घालत होत्या. २०१० च्या मायकल जॅक्सनवरच्या गेममध्ये चोरीची प्रत असेल तर गाण्यावर वुवुझेलाचा भोंगा वाजायचा. २००९ मध्ये डीएसआयचं नवं सॉफ्टवेअर आलं आणि तोवरची कार्डं त्यावर एका फटक्यात अडली. अशा लढाईत कार्ड म्हणजे वस्तू उरत नाही. कुणीतरी सतत दुरुस्त करत राहायची ती गोष्ट होते. मूळ आर४ वाल्यांचं काम २००८ च्या सुमारास थांबलं. कार्ड तेच, चिप तीच, पण नवा गेम चालेना.

आणि मग झाली ती गंमत. एसकार्ड नावाच्या प्रतिस्पर्धी कार्डाच्या एका आवृत्तीचं सॉफ्टवेअर मुक्तस्रोत झालेलं होतं. टोपणनावाने काम करणाऱ्या एका प्रोग्रामरने २०१० च्या आसपास ते घेऊन मूळ आर४ साठी बेतलं, ते ‘वुड आर४’. बनवणाऱ्यांनी वाऱ्यावर सोडलेलं कार्ड प्रतिस्पर्ध्याच्या कोडवर पुन्हा उभं राहिलं. २ जीबीची मर्यादा तशीच राहिली, कारण ती चिपमधली. बाकी ते नव्या कोऱ्या नकलांपेक्षा सरस चालू लागलं. त्याच वेळी त्या नकलांपैकी काहींत मुदत घातलेली होती, माझ्या कार्डात होती तशी. त्या दिवशी ‘कुठलं चांगलं?’ याचं उत्तर चिपेवरून देणारा चुकला असता, नावावरून देणारा तर नक्कीच.

आता तुमच्या कामाचं. समजा उद्या तुम्ही ‘आर४ चा इतिहास’ लिहायला घेतला, तर पहिली अडचण नावाचीच येईल. आर४ ही एक वस्तू नाही. मग मोजायचं काय? मला यात मदत झाली ती अगदी रुक्ष कागदाची. हौशी प्रोग्रामरांपुढे अडचण अशी होती की प्रत्येक कार्डाची मायक्रोएसडी वाचायची पद्धत वेगळी, म्हणजे प्रोग्राम प्रत्येकासाठी वेगळा बनवायला लागे. त्यावर डीएलडीआय ही सोय निघाली. प्रोग्राममध्ये एक जागा रिकामी ठेवायची आणि आपल्या कार्डाचा ड्रायव्हर तिथे चिकटवायचा. या ड्रायव्हरांची यादी म्हणजे कार्डांची जनगणना आहे. जाहिरातीत वेगळी दिसणारी मूळ आर४ आणि एम३ सिम्प्ली तिथे एकाच ड्रायव्हरवर आहेत, कारण आतून ती एकच. उलट ‘आर४’ नाव लावणाऱ्या कितीतरी नकलांना डीएसटीटी या भलत्याच कार्डाचा ड्रायव्हर लागतो. दुकानातली घराणी आणि खरी घराणी अशी वेगळी निघाली. ही यादी कुणी इतिहासासाठी केली नव्हती, म्हणून तर तिच्यावर भरवसा ठेवता येतो.

दुसरी साधनं कोर्टातली. २००८ मध्ये निन्टेन्डो आणि ५० हून अधिक गेम कंपन्यांनी जपानमध्ये दावा लावला. फेब्रुवारी २००९ मध्ये टोकियो जिल्हा न्यायालयाने अनुचित स्पर्धेच्या कायद्याखाली या कार्डांची आयात आणि विक्री रोखली. २०१० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने सांगितलं की कार्डावर स्वतःचे प्रोग्राम चालवता येतात, एवढा बचाव पुरेसा नाही. इथवर वाचून वाटतं की विषय मिटला. पण जानेवारी २०१४ मध्ये इटलीतल्या एका खटल्यावरून युरोपीय संघाच्या न्यायालयाने वेगळी कसोटी पुढे केली: अशा साधनांचा लोक प्रत्यक्षात कशासाठी आणि किती वेळा वापर करतात, याचा पुरावा महत्त्वाचा ठरू शकतो.

हे वाचलं तेव्हा मी माझं कार्ड पुन्हा उघडलं. मायक्रोएसडीवर ११ गेम होते. सोबत मूनशेल हा हौशी संगीतवादक प्रोग्राम, शाळेच्या गॅदरिंगची ४ गाणी आणि मीच बनवलेली एक फाइल, ‘माझे हायस्कोअर’, त्यात एकच ओळ. न्यायालयाला हवा असलेला पुरावा तो हाच. आणि असली बहुतेक मायक्रोएसडी कार्डं लोकांनी पुढे फॉरमॅट करून मोबाइलमध्ये घातली.

परवा लॅबमधल्या एका मित्राने त्याचं ‘आर४’ आणून दिलं. माझ्याशेजारी ठेवलं तर स्टिकरचा रंगही सारखा. दोन्ही मागून उघडली. चिपा वेगळ्या, सोल्डरिंग वेगळं, आणि त्याच्या कार्डात घड्याळ मागे न्यावं लागत नाही.