चार पूल आणि एक पूर

दळणवळणाचे जाळे किती भक्कम आहे, याची खरी परीक्षा ते तुटू लागते तेव्हाच होते. हैदराबाद शहराने ही परीक्षा २८ सप्टेंबर १९०८ रोजी दिली.

मुसी नदीच्या दक्षिणेस चारमिनारभोवतीचे जुने शहर, तर उत्तरेस पाचवे निजाम अफजलउद्दौला यांच्या नावाने वसलेली अफझलगंज ही पेठ. या दोन तीरांना चार पूल जोडीत होते. पश्चिमेस कुतुबशाहीतील, १५७८ सालचा पुराना पूल. त्याच्या पूर्वेस मुसल्लमजंग पूल, मग अफझल पूल आणि शेवटी चादरघाट पूल. त्या दिवशीच्या महापुराने अफझलगंजातील इस्पितळ उद्ध्वस्त केले, हजारो माणसे गिळली आणि तीन पूल तोडले. उरला तो सर्वांत जुना. अफझलगंजच्या रहिवाशाला समोरच्या तीरावर जाण्यासाठी पश्चिमेचा वळसा पडू लागला. परंतु वाट होती.

पुढे संगणकांची जाळी विणताना तज्ज्ञांपुढे हाच प्रश्न आला : वाटा किती ठेवाव्यात आणि त्यांचा खर्च किती सोसावा?

सर्वांत साधी योजना एका सामाईक तारेची. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत १९७३ साली जन्मलेल्या ‘ईथरनेट’ने आरंभी हीच पत्करली. तार थोडी लागते; पण ती मध्येच तुटली की सर्वांचेच बोलणे बिघडते. वलयाच्या योजनेत संदेश शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे फिरतो. प्रत्येकाची पाळी ठरविता येते, म्हणून गोंधळ टळतो. मात्र एकेरी वलयाची एक कडी निखळली की फेरा थांबतो. ताऱ्याच्या योजनेत प्रत्येक यंत्राची तार मधल्या ‘स्विच’ला मिळते. एक तार तुटल्यास एकच यंत्र मुके होते आणि दोष लवकर सापडतो. कचेऱ्यांतून आज हीच रचना रूढ आहे. पण मधले केंद्र बंद पडले की सारेच मुके!

मग प्रत्येकास प्रत्येकाशी का जोडू नये? दहा यंत्रे केंद्राशी जोडण्यास दहा तारा पुरतात. परस्परांशी जोडण्यास पंचेचाळीस लागतात. शंभर यंत्रांना ४,९५० !

या पेचातून मध्यममार्ग दाखविला पॉल बॅरन या अमेरिकन अभियंत्याने. अणुहल्ल्यानंतरही संदेश पोहोचावेत, यासाठी त्याने केलेले संशोधन १९६४ साली प्रसिद्ध झाले. प्रत्येक ठाणे तीन-चार शेजाऱ्यांशी जोडले आणि संदेशाचे तुकडे मिळेल त्या वाटेने जाऊ दिले, तर अनेक ठाणी नष्ट होऊनही उरलेली परस्परांशी बोलू शकतात, असे त्याने दाखविले. १९६९ साली चार ठिकाणच्या संगणकांनी सुरू झालेल्या ‘अर्पानेट’ने संदेशाचे असे तुकडे करण्याचीच रीत अवलंबिली.

तथापि मुसीचा पूर आणखी एक धडा देतो. पूल चार होते. पण चारही एकाच नदीवर. संकट आले ते चौघांवर एकदमच. त्याचप्रमाणे दोन तारा एकाच चरातून नेल्या, तर कुदळीच्या एका घावाने दोन्ही तुटतात. तेव्हा वाटांची संख्या मोजणे पुरेसे नाही; त्या एकाच संकटाच्या तोंडी तर नाहीत ना, हे पाहणे अधिक अगत्याचे.

हैदराबादने हे ओळखले. विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने मुसीचे पाणी शहराच्या वरच अडविण्यात आले आणि उस्मानसागर व हिमायतसागर हे जलाशय उभे राहिले. पूल पुन्हा बांधले गेलेच. पण त्यांच्यावर येणाऱ्या पुराचाही विचार झाला. जाळे विणणाऱ्याने प्रथम नदी पाहावी, पूल मागाहून मोजावेत.