नोकरीचा अर्ज व बायोडाटा

नोकरीचा अर्ज व बायोडाटा : रिकाम्या जागेसाठी उमेदवाराने पाठवायचे दोन कागद. अर्ज म्हणजे त्या एका जागेपुरते लिहिलेले पत्र; बायोडाटा म्हणजे शिक्षण, अनुभव व कौशल्ये यांची टिपणवजा नोंद. बायोडाट्याला सीव्ही किंवा रेझ्युमे असेही म्हणतात. ‘परिचयपत्र’, ‘व्यक्तिवृत्त’ हे मराठी पर्याय सुचवले गेले, पण बोलण्यात फारसे रुळले नाहीत. सीव्ही हे ‘करिक्युलम व्हिटे’ या लॅटिन शब्दांचे लघुरूप असून त्याचा अर्थ ‘आयुष्याचा क्रम’. काटेकोर वापरात प्राध्यापक-संशोधकांची सविस्तर नोंद ती सीव्ही आणि एक-दोन पानांची ती रेझ्युमे. आपल्याकडे हा भेद पाळला जातोच असे नाही. लग्नासाठीच्या टिपणालाही बायोडाटाच म्हणतात. दोन्ही एकाच डीटीपीच्या दुकानात टाइप होत असल्याने नोकरीच्या कागदावर कधी उंची, रक्तगट व मामाचे गावही उतरलेले दिसते.

पूर्वपीठिका : लिओनार्दो दा विंचीने १४८२च्या सुमारास मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याला लिहिलेल्या पत्राला ‘पहिला बायोडाटा’ म्हणण्याची प्रथा आहे. पत्राचा मसुदा ‘कोदेक्स अतलांतिकस’ या संग्रहात असून तो लिओनार्दोच्या स्वतःच्या हस्ताक्षरात नाही, असे मानतात. त्यात हलके व उचलून नेता येणारे पूल, वेढ्यातील खंदकांचे पाणी काढणे, तोफा, आच्छादित रथ अशी कामे क्रमवार दिली आहेत. शिल्प व चित्रकला अगदी शेवटी येते. शंका असेल तर लुदोविकोच्याच उपवनात करून दाखवतो, अशी तयारीही आहे. यात शिक्षण नाही, पूर्वीच्या मालकांची यादी नाही. म्हणून याला बायोडाटा नव्हे, अर्ज म्हणणेच योग्य. युद्धाच्या धास्तीतल्या राज्यकर्त्याला काय हवे ते ओळखून चित्रकाराने चित्रे तळाशी ठेवली, हे त्यातले खरे कौशल्य.

मराठी अर्जाचा साचा : ‘अर्ज’ हा अरबी मुळाचा, फारसीतून आलेला शब्द, मूळ अर्थ पुढे मांडणे, विनंती करणे. दरबारी अर्जीतले लीनपण नोकरीच्या अर्जातही राहिले. वरच्या कोपऱ्यात दिनांक, ‘प्रति,’ व पदनाम, मग ‘विषय’, ‘संदर्भ’ (दैनिकाचे नाव व जाहिरातीची तारीख), ‘मा. महोदय,’ आणि ‘वरील विषयास अनुसरून विनंती करतो की’ ही सुरुवात. शेवटी ‘माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती’, ‘कळावे’, ‘आपला विश्वासू’ किंवा ‘आपला आज्ञाधारक’, आणि डावीकडे ‘सोबत’ची यादी. शालेय पत्रलेखनात हा साचा पाठ करून घेतला जातो. कागद कोणाकडे, कशासाठी व कशाच्या आधारे आला हे कारकुनाला वरच्या चार ओळींत कळते, ही त्याची सोय नाकारता येत नाही.

दोष मधल्या भागात आहे. ‘मी होतकरू, कष्टाळू व प्रामाणिक असून आपल्या नामांकित संस्थेत काम करण्यास इच्छुक आहे. संधी दिल्यास तिचे सोने करीन.’ ही वाक्ये लेखापाल, शिपाई व प्रयोगशाळा साहाय्यक या तिन्ही पदांना सारखीच लागू पडतात, म्हणून एकालाही उपयोगी नाहीत. लेखापालाच्या जागेसाठी साधारण तेवढ्याच शब्दांत असे लिहिता येते : ‘तीन वर्षे टॅलीवर चाळीस पुरवठादारांची खाती सांभाळली. दरमहा जीएसटी विवरणपत्रे भरली. मार्चअखेरचा बँक ताळमेळ स्वतंत्रपणे केला.’ दुसऱ्या नमुन्यात गुणविशेषण एकही नाही. जाहिरातीत मागितलेल्या दोन-तीन गोष्टी हेरून त्यांचीच उत्तरे पत्रात द्यावीत आणि बाकीचे बायोडाट्यावर सोडावे, असे व्यावहारिक मराठीच्या अध्यापनात सांगायला हवे. प्रत्यक्षात शिकवला जातो तो फक्त मायना. पत्र एका पानापलीकडे जाऊ नये. नोकरी सोडण्याच्या कारणांचा पाल्हाळ, घरची हलाखी व आधीच्या मालकाची तक्रार यांना त्यात जागा नाही. हलाखीचा उल्लेख मात्र सर्रास आढळतो. विनंतीअर्जाच्या जुन्या सवयीचा तो अवशेष असावा.

बायोडाटा : शिक्षण व अनुभवाच्या नोंदींत अलीकडचे आधी, जुने नंतर. एक ते दोन पाने. वडिलांचे नाव, धर्म, वैवाहिक स्थिती हे तपशील पूर्वी असतच. खासगी क्षेत्रात आता वगळतात. छायाचित्राबाबत देशोदेशी प्रथा वेगळी.

साक्षांकन व सोबतचे कागद : सरकारी अर्जाला गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र यांच्या साक्षांकित झेरॉक्स प्रती लागत. शिक्का राजपत्रित अधिकाऱ्याचा लागे. तालुक्याच्या ठिकाणी तो मिळवताना उमेदवार गुरांच्या दवाखान्यातील डॉक्टरांच्या दारातही उभे राहत, कारण तेही राजपत्रित असत. २०१४पासून केंद्र शासनाने व त्यानंतर महाराष्ट्र शासनाने स्वसाक्षांकनावर भर दिला आणि ही पायपीट बरीच कमी झाली. मूळ कागद आता निवडीच्या वेळी तपासतात. राज्य सेवेतील नियुक्तीसाठी महाराष्ट्र नागरी सेवा (लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापन) नियम, २००५ नुसार अपत्यांच्या संख्येचे प्रतिज्ञापन द्यावे लागते. कार्यालयीन पदांसाठी एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाचे (२००१पासून) व टंकलेखनाची प्रमाणपत्रे (मराठी ३०, इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट) नेहमीची.

सेवायोजन कार्यालय व जाहिरात : १९५९च्या सेवायोजन कार्यालये (रिक्त पदे सक्तीने अधिसूचित करणे) अधिनियमाने मालकांवर जागा कळवण्याचे बंधन आले, कार्यालयाने पाठवलेलाच उमेदवार घेण्याचे नव्हे. तरीही भरती करणारी अनेक कार्यालये सेवायोजन कार्यालयाकडून आलेल्या नावांपुरतीच निवड करीत. सर्वोच्च न्यायालयाने १९९६च्या मल्कापट्टणम प्रकरणात सेवायोजन कार्यालयाच्या यादीबरोबरच वर्तमानपत्रे व अन्य माध्यमांतून जाहिरात देऊन थेट आलेल्या अर्जांचाही विचार करावा, असे म्हटले. उमेदवाराने स्वतः लिहिलेल्या अर्जाचे वजन वाढण्यास हा निकाल कारणीभूत आहे. बायोडाट्याच्या मार्गदर्शिकांत त्याचा उल्लेख सहसा नसतो. ‘एम्प्लॉयमेंट न्यूज’ १९७६पासून निघते. नोकरी डॉट कॉम १९९७मध्ये सुरू झाले.

छाननी : अमेरिकेतील ‘लॅडर्स’ या संकेतस्थळाने भरती अधिकाऱ्यांच्या नजरेचा माग घेतला, तेव्हा एका रेझ्युमेवरची पहिली नजर सरासरी ६ सेकंद (२०१२) व ७.४ सेकंद (२०१८) टिकल्याचे नोंदवले; नमुना लहान असल्याने आकडे जपून घ्यावेत. मोठ्या कंपन्यांत आधी संगणकप्रणाली शब्द जुळवून अर्ज चाळते. तक्ते, चौकटी व चित्रे तिला नीट वाचता येतीलच असे नाही. मराठी बायोडाट्याची अडचण आणखी निराळी : जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की नावाच्या जागी रोमन अक्षरांचा व चिन्हांचा गाळ दिसतो. फाइल युनिकोडमध्ये टाइप करून पीडीएफ पाठवणे हा साधा उपाय.

छाननीत नावाचाही परिणाम होतो का, हे पाहण्यासाठी संशोधक सुखदेव थोरात व पॉल ॲट्टेवेल यांनी वर्तमानपत्रांतील खासगी जाहिरातींना सारख्या पात्रतेचे, पण वेगवेगळ्या नावांचे अर्ज पाठवले. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत निवडीच्या पुढच्या टप्प्यासाठी बोलावणे येण्याचे गुणोत्तर दलित नावासाठी ०.६७ व मुस्लिम नावासाठी ०.३३ आले (‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’, २००७). अर्ज चांगला लिहिण्याच्या सल्ल्याला असलेली ही मर्यादा होय.

ऑनलाइन अर्ज : लोकसेवा आयोग व बँक भरतीत पत्राची जागा रकान्यांनी घेतली आहे. बँक भरती घेणाऱ्या आयबीपीएस या संस्थेच्या अर्जाला छायाचित्र, सही व डाव्या अंगठ्याच्या ठशासोबत स्वतःच्या हस्ताक्षरातील इंग्रजी घोषणापत्र जोडावे लागते. कॅपिटल अक्षरांत लिहिलेले चालत नाही.

गोवा : सरकारी जाहिरातींत कोकणीचे ज्ञान आवश्यक व मराठीचे इष्ट असे नमूद असते, अर्जात दोन्हींचा उल्लेख करतात.