जुन्नरी कागद आणि कारखानदारीची परीक्षा

पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचा एखादा रुमाल सोडून बसण्याचा योग ज्यांना आला असेल, त्यांना एका गोष्टीचे नवल वाटल्याखेरीज राहिले नसेल. दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीचा कागद हाती घ्यावा, तर तो अजून चिवट असतो. घडी उलगडली तरी तुटत नाही आणि बोरूने लिहिलेली अक्षरे कालच लिहिल्यासारखी काळीभोर दिसतात. उलट आपल्याच घरातील माळ्यावरचे साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे वर्तमानपत्र उघडू जावे, तर त्याचा चुरा हातात येतो. जुना कागद टिकला, नवा टिकला नाही. पण धंदा मात्र जुन्या कागदाचा बुडाला आणि नव्याचा वाढला. ह्या विरोधाभासाचा उलगडा करावा, एवढाच आजच्या विवेचनाचा हेतू आहे.

कारखानदारीपुढील अडचणींची चर्चा हल्ली सर्वत्र चालू असते. यंत्रमानव आला, विजेवर धावणारी मोटार आली, माणसाऐवजी संगणकच मालाची पारख करू लागला. आता कारखानदाराने काय करावे, असा प्रश्न मोठ्या चिंतेने विचारला जातो. प्रश्न खरा आहे, पण तो आजच प्रथम पडला आहे अशी समजूत करून घेण्याचे कारण नाही. आमच्या जुन्नर-आंबेगावच्या भूमीने ही परीक्षा एकदा नव्हे, अनेकदा दिली आहे. ती आधी पाहावी आणि मग पुढचे बोलावे.

जुन्नर हे कारागिरांचे गाव आहे आणि तेही फार जुने. नाणेघाट उतरून कोकणात, कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे जाणारा माल सातवाहनांच्या काळी येथूनच जात असे. येथील लेण्यांतील शिलालेखांत राजांच्या जोडीला धान्याच्या व्यापाऱ्यांची, वेळूकाम करणाऱ्यांची आणि काशाची भांडी घडविणाऱ्यांची नावेही त्यांच्या श्रेणींसह कोरलेली आहेत. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने तर सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिले. श्रेणी म्हणजे एका धंद्यातील लोकांची संघटना. तिची पत किती होती, हे नाशिकच्या पांडवलेण्यांतील लेखावरून कळते. तेथे उषवदाताने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीकडे २००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले आणि त्याच्या व्याजातून भिक्षूंना वस्त्रे द्यावी असे लिहून ठेवले. राजाचा जावई विणकरांच्या हाती पैसा विश्वासाने ठेवतो, ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. तिची आठवण पुढे लागणार आहे.

सुलतानी अमलात कागदाची विद्या दक्षिणेत रुजली. मलिक अहमदने १४९० मध्ये निजामशाहीची स्थापना केली ती जुन्नरासच. पुढे येथील मुसलमान कागदी कुटुंबांच्या हातचा माल इतका नावाजला गेला की दौलताबादी कागदाप्रमाणे ‘जुन्नरी’ ही कागदाची एक जातच समजली जाऊ लागली. पुण्याच्या कसबा पेठेतील कागदीपुरा हे नाव त्याच धंद्याची खूण आहे.

हा कागद होत असे कसा? जुने गोणपाट, चिंध्या, दोरखंड असा टाकाऊ माल भिजवायचा, त्याचे बारीक तुकडे करायचे, चुन्यात मुरवायचे आणि पायाने चालविण्याच्या जड लाकडी ढेकीखाली कुटायचे. मग तो लगदा वाहत्या पाण्यात धुवायचा, पुन्हा चुना लावायचा, पुन्हा कुटायचा. असे कित्येक दिवस चाले. शेवटी लगदा हौदात कालवून गवताच्या काड्यांची चटईसारखी चाळण त्यात बुडवायची आणि अलगद वर उचलायची. पाणी गळून जाई आणि चाळणीवर राही तो कागद. तो भिंतीला चिकटवून वाळवायचा, खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा. असा घोटीव कागद बोरूखाली खरखरत नसे आणि शाई फुटू देत नसे. मात्र एका वेळी एकच ताव निघे. मनुष्याच्या दोन हातांना जेवढा वेग, तेवढाच त्या धंद्याला वेग.

तिकडे युरोपात काय चालले होते? १७९९ मध्ये निकोला-लुई रोबेर ह्या फ्रेंच मनुष्याने कागदाच्या यंत्राचा एकाधिकार मिळविला. त्याच्या यंत्रात चाळणीच्या जागी तारेच्या जाळीचा फिरता पट्टा होता. त्यावरून कागद तावातावाने न निघता अखंड निघे. लंडनचे कागदाचे व्यापारी फोर्ड्रिनियर बंधू ह्यांनी त्यात पैसा ओतला आणि ब्रायन डाँकिन नावाच्या कारागिराने ते इंग्लंडात उभे केले. ह्या यंत्राने पुढे जग जिंकले. पण त्यापायी फोर्ड्रिनियर बंधूंचे १८१० मध्ये दिवाळे निघाले, हे विसरू नये. नवे यंत्र जुन्या कारागिराला मारते असे आपण म्हणतो. ते प्रथम आणणाऱ्या धनिकालाही पुष्कळदा मारते. पुढे चिंध्यांची टंचाई भासू लागली, तेव्हा १८४४ च्या सुमारास जर्मनीत केलर ह्याने लाकूड दळून त्याचा लगदा करण्याची युक्ती काढली. चिंधी गेली, जंगल आले आणि कागद स्वस्त झाला. त्या कागदाला राळ आणि तुरटी लावीत. तुरटीतून उत्पन्न होणारे आम्ल कागदाला आतून खाते. आपल्या माळ्यावरचे वर्तमानपत्र मोडते ते ह्यामुळे.

मग जुन्नरचा टिकाऊ कागद हरला कशाने? स्वस्ताईने, असे उत्तर सहज देता येईल. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. आमच्या मते पहिला घाव यंत्राचा नव्हता. तो गिऱ्हाइकाचा होता. जुन्नरी कागदाचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे राज्याचे दप्तर. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि दप्तराचा धनी बदलला. नव्या धन्याला छापील तक्ते, एकसारख्या मापाचे आणि एकसारख्या जाडीचे ताव हवे होते, तेही गठ्ठ्यांनी आणि ठरल्या दिवशी. छापखान्यालाही तसाच कागद लागे. हाताच्या कागदात प्रत्येक ताव थोडा निराळा. बोरूला ते चाले, यंत्राला चालेना. कागद किती वर्षे टिकेल हे नव्या गिऱ्हाइकाने विचारलेच नाही. दहा हजार ताव सारखे आहेत ना, हे विचारले. व्यापाऱ्यांच्या कीर्द-खतावण्या काही काळ जुन्या कागदावर चालल्या, पण वह्यांवर सगळा गाव कसा जगणार?

येथे एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. जुन्नरच्या हौदावर परदेशी कागद चालून आला, तसा स्वदेशी कागदही आला. पुण्याजवळ मुंढव्यास १८८५ मध्ये डेक्कन पेपर मिल्स ही कंपनी निघाली. देशी भांडवलाने यंत्राचा कागद निघावा ही त्या काळच्या जाणत्या लोकांची तळमळ होती आणि ती योग्यच होती. ज्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानांची प्रथा घातली त्या न्यायमूर्ती रानड्यांनी औद्योगिक परिषदांतून हेच सांगितले की, देशाने केवळ कच्चा माल पिकवीत बसू नये, यंत्रविद्या आपलीशी करावी. पण मुंढव्यात यंत्र आले तेव्हा जुन्नरच्या कागद्याला त्या यंत्रावर कोणी बोलावले नाही. तंतू किती कुटावा, लगदा किती पातळ ठेवावा, खळ केव्हा लावावी, हे पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान त्याच्या बोटांत होते. ते कोणी लिहून घेतले नाही, कोणी प्रयोगशाळेत नेले नाही. जुनी विद्या एका गावी आणि नवे यंत्र दुसऱ्या गावी, अशी फारकत झाली. तिचे नुकसान दोघांनीही सोसले.

कागदी आळशी होते म्हणून मागे पडले, असे कोणी म्हणेल तर तो अन्याय होईल. एकट्या कुटुंबाने वाफेचे यंत्र कोठून आणावे? १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे चढली ती पुण्यास गेली. जुन्नरला रेल्वे आजही नाही. भांडवल नाही, वाहतूक नाही आणि दोन हजार वर्षांपूर्वी ज्या श्रेणीकडे राजाचा जावई ठेव ठेवीत असे, तशी संघटनाही उरली नव्हती. एकेकटा कारागीर एकेकट्याने झुंजला आणि हरला.

ह्या विद्येकडे पुन्हा लक्ष गेले ते गांधीजींच्या प्रेरणेने. १९३४ मध्ये वर्ध्यास अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला. त्याच्या कार्यातून के. बी. जोशी ह्यांनी हातकागदाचा शास्त्रीय अभ्यास केला आणि १९४० मध्ये पुण्यास हातकागद संस्था उभी राहिली. तेथे कुटण्यासाठी यंत्र घेतले, पण ताव हातानेच उचलला. चित्रकार, निमंत्रणपत्रिका, टिकाऊ दस्तऐवज असे निराळे गिऱ्हाईक शोधले. यंत्राशी वेगात स्पर्धा करण्याचा नाद सोडला आणि यंत्राला जे जमत नाही ते हाती घेतले. ह्यात मोठे शहाणपण होते. दुःख एवढेच की, जुन्नरच्या हौदांसाठी ते फार उशिरा आले.

दुसरी परीक्षा आंबेगावची. ह्या डोंगराळ तालुक्यातील माणसे पोटासाठी मुंबईच्या गिरण्यांत गेली. त्यांतलाच एक महाळुंगे पडवळचा बाबू गेनू. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीच्या रस्त्यावर परदेशी कापडाच्या मालमोटारीपुढे तो आडवा झाला आणि चिरडला गेला. कापड कोणी विणावे, ह्या प्रश्नासाठी बावीस वर्षांच्या गिरणीकामगाराने प्राण दिला. स्वराज्य आल्यावर परदेशी मोटार राहिली नाही, पण अनेक गिरण्यांतील यंत्रे जुनी होत गेली, नफ्यातून नवी आली नाहीत आणि यंत्रमागाचे स्वस्त कापड बाजारात उतरले. १९८२ च्या संपानंतर तर गिरण्या एकामागून एक थंडावल्या आणि मालकांना मागांपेक्षा त्यांच्याखालची जमीन मोलाची वाटू लागली. ज्या घरांत गिरणीचा पगार येत असे ती घरे गावाकडे परतली.

तिसरी परीक्षा आज चालू आहे. कुकडी आणि घोड नद्यांचे पाणी अडले, कालवे आले, ऊस आला. ह्या पाण्याची किंमत मोठी आहे. ज्या गावावरून तालुक्याला नाव पडले ते जुने आंबेगाव डिंभे धरणाखाली गेले आणि त्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूचे नाव दिले आहे. जुन्नरात विघ्नहर आणि आंबेगावात भीमाशंकर असे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ ह्यांनी प्रवरानगरला १९५० मध्ये जो सहकारी कारखाना चालू केला, त्याच परंपरेतील हे. आम्हांला हे कारखाने म्हणजे जुन्या श्रेणीचाच नवा अवतार वाटतात. कागद्याला जे मिळाले नाही, ते उसाच्या शेतकऱ्याला मिळाले: एकत्र येण्याचे बळ आणि यंत्राची मालकी.

यंत्रविद्याही बदलली. पूर्वी चिपाड जाळून केवळ वाफ करीत. आता त्याची वीज करून विकता येते. मळी पूर्वी डोकेदुखी होती. आता तिचे इथेनॉल होते आणि ते पेट्रोलात मिसळले जाते. परंतु गिऱ्हाईक कोण? तेल कंपन्या, आणि दर ठरविते सरकार. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल ह्या भीतीने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधने आली. ऑगस्ट २०२४ मध्ये ती पुढील वर्षासाठी उठविली गेली. मधल्या काळात ज्यांनी कर्ज काढून नवी यंत्रे बसविली होती त्यांची अवस्था काय झाली असेल, हे सांगायला नको. एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर विसंबलेल्या जुन्नरच्या कागद्याची येथे आठवण होते.

आणि शेजारच्या चाकणला, जेथे आमची मुले रोज कामावर जातात, तेथे मोटारींचे लहान-मोठे भाग करणारे शेकडो कारखाने आहेत. विजेच्या गाडीला इंजिन नसते, त्यामुळे दट्ट्या, झडप, धूर सोडणारी नळी ह्यांचे कामच उरत नाही. झडप करणाऱ्याची झडप उत्तम आहे एवढ्याने तो वाचणार नाही. जुन्नरी कागदही उत्तमच होता.

तेव्हा कारखानदाराने, मग तो सहकारी असो की एका पत्र्याच्या खोलीत यंत्र लावून बसलेला असो, स्वतःला तीन प्रश्न विचारावे. माझे गिऱ्हाईक उद्या बदलले तर दुसरे कोणते आहे? माझ्या धंद्याचे ज्ञान माझ्या कामगाराच्या बोटांतून वहीत आणि वहीतून शाळेत गेले आहे काय? आणि आजच्या नफ्यातला काही भाग उद्याच्या यंत्रासाठी बाजूला पडतो आहे काय? पहिल्या प्रश्नाला जुन्नर फसले, तिसऱ्याला मुंबईच्या गिरण्या फसल्या. दुसरा प्रश्न तर आपण अजून नीट विचारलेलाच नाही.

आपल्यापैकी कोणाच्या घरी आजोबांची जुनी चोपडी असेल, तर आज घरी गेल्यावर तिचे एक पान उजेडासमोर धरून पाहावे. त्यात काड्यांच्या चाळणीच्या बारीक रेघा दिसतात. ज्या हातांनी ती चाळण उचलली त्यांचे नाव पानावर कोठेच नाही. पुढच्या पिढीने आपल्या कारखान्यांविषयी असे म्हणू नये, एवढी दक्षता आपल्याला अजून घेता येण्यासारखी आहे.