बिनछाप काचसामान (डहाणू-तलासरी)

कारखान्याचे नाव, नोंदणीचा आकडा किंवा देशाचा उल्लेख नसलेली जुनी शोभेची काच : हंड्या, झुंबरांचे लोलक, फुलदाण्या, दिव्याचे पेले. सुरत-मुंबई रेल्वे १८६४ साली पुरी झाली आणि मुंबईच्या बाजारातली विलायती काच डहाणू-बोर्डी पट्ट्यातल्या पारशी, पुढे चिकूवाडीवाल्या इराणी घरांत पोचणे सोपे झाले. तलासरीपलीकडे संजाण आणि उदवाडा ही पारशांची जुनी ठाणी. काचेची ये-जा सोयरिकीच्या वाटेनेही होई.

छाप नाही म्हणजे माल हलका, हा समज सोडून द्यावा. पुष्कळ मालावर कागदी चिठ्ठीच असे. दोन-चार धुण्यांत ती जाई.

वस्तू उलटी करून बुडापासून पाहायला घ्यावी. फुंकलेली काच पुरी करताना बुडाला लोखंडी सळई चिकटवत. ती तोडल्यावर खरखरीत व्रण राही. चांगल्या मालात तो घासून वाटीसारखा गुळगुळीत खळगा करीत. १८५० नंतर चिमट्याने धरण्याची रीत पसरली, म्हणून व्रण नाही एवढ्यावरून वस्तू नवी ठरत नाही. साच्यात दाबून केलेल्या काचेवर सांध्याची उभी रेघ बोटाला लागते. ही पद्धत १८२०च्या दशकात अमेरिकेत रुजली, तेव्हा अशी वस्तू बहुधा त्याआधीची नसते. हाताने कापलेल्या नक्षीची कड धारदार असते, दाबकामाची बोथट. इंग्रजी मालावर हिऱ्याच्या आकाराची नोंदणीखूण १८४२ ते १८८३ या काळात येई, १८८४पासून नुसता आकडा. तो पुष्कळदा भिंगाशिवाय दिसत नाही, म्हणून ‘बिनछाप’ म्हणण्याआधी भिंग लावावेच.

जांभळट झाक आलेल्या पांढऱ्या काचेत बहुधा मँगनीज असते. उन्हाने ती झाक चढते, आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मँगनीजचा वापर मागे पडला. अतिनील दिव्याखाली हिरवीगार उजळणारी काच युरेनियमची. पण ती आजही बनते, त्यामुळे उजेड हा वयाचा पुरावा नव्हे.

सगळे विलायतीच समजू नये. तळेगावचा पैसाफंड काच कारखाना १९०८चा, कराडजवळचा ओगल्यांचा १९१६चा. केशरी-सोनेरी झळाळीचे दाबकामाचे पेले फिरोजाबादच्या जैन ग्लास वर्क्सचे असू शकतात. काहींवर रोमन लिपीत ‘जैन’ उमटलेले असते.

घरच्यांची आठवण साक्षीला जरूर घ्यावी. वस्तू आजीच्या लग्नात आली असेल, तर लग्नाचे साल ही तिच्या वयाची अलीकडची मर्यादा. साचा आणि बूड पलीकडची मर्यादा सांगतात. या दोहोंमधला काळ प्रामाणिकपणे लिहावा, एकच साल ठोकून देऊ नये.

झीजही पाहावी. खरी झीज टेकणाऱ्या कडेवरच असते, तिचे ओरखडे बारीक आणि सगळ्या दिशांना जाणारे. मुद्दाम घासलेले समांतर असतात आणि खळग्यातही उतरतात. पारशी घरातल्या दिव्याच्या पेल्यात पाणी, त्यावर तेल, तेलावर तरंगती वात. वर्षानुवर्षे पाणी एकाच पातळीला राहिले की आतून पांढुरकी रेघ धरते. व्हिनेगरने निघाली तर तो विहिरीच्या पाण्याचा क्षार. न निघाली तर बहुधा काचच खाल्ली गेली आहे, पण आम्लानेही काच झटपट खाल्ली जाते, म्हणून ही रेघ एकटी वयाचा पुरावा नव्हे.