भक्ती बर्वे : रोज रात्री स्वतःची शुद्ध भाषा विसरणारी 'फुलराणी'

नवी मुंबईतल्या कळंबोलीहून मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वेला लागलं की थोड्याच वेळात भाताणचा बोगदा येतो. नवी मुंबईकर पुण्याला जाताना तो काही सेकंदांत पार करतात. पण मराठी नाटकवेड्या माणसांना या बोगद्याचं नाव वेगळ्या कारणानं लक्षात आहे. १२ फेब्रुवारी २००१ रोजी वाईहून मुंबईकडे येताना याच बोगद्याजवळ झालेल्या अपघातात अभिनेत्री भक्ती बर्वे यांचा मृत्यू झाला. त्या ५२ वर्षांच्या होत्या.

आज पंचविशीत असलेल्या प्रेक्षकांनी त्यांना रंगमंचावर पाहिलेलं असणं शक्य नाही. तरीही 'ती फुलराणी'मधलं त्यांचं स्वगत मोबाइलवर फिरत असतं. 'जाने भी दो यारो'ची मीम शेअर करणाऱ्यांनीही त्यांना पाहिलेलं असतं, फक्त नाव माहीत नसतं. या दोन तुकड्यांपलीकडे भक्ती बर्वे कोण होत्या आणि त्यांना आजही एवढं का मानलं जातं?

बालरंगभूमी ते दूरदर्शन

भक्ती बर्वे यांचा जन्म १० सप्टेंबर १९४८ चा. अभिनयाची सुरुवात लहानपणीच झाली, तीही सुधा करमरकर यांच्या बालरंगभूमीवर. मुलांसाठीचं नाटक म्हणजे शाळेच्या गॅदरिंगमधला टाइमपास नव्हे, त्यालाही व्यावसायिक नाटकासारखीच तालीम, नेपथ्य आणि प्रकाशयोजना हवी, हा आग्रह करमरकरांनी मराठीत रुजवला. त्या शिस्तीत तयार झालेल्या कलाकारांमध्ये भक्ती बर्वे हे ठळक नाव.

पुढे त्यांनी आकाशवाणीवर निवेदन केलं. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालं आणि त्या काळात छोट्या पडद्यावर दिसू लागलेल्या चेहऱ्यांमध्ये त्याही होत्या. तेव्हा चॅनेल एकच होतं. त्यामुळे निवेदन करणारी आणि बातम्या सांगणारी माणसं घरातलीच वाटायची. स्मिता पाटीलही त्याच केंद्रावरून बातम्या देत असत.

हा तपशील महत्त्वाचा आहे. निवेदिकेच्या कामात उच्चाराला सूट नसते. 'ण' आणि 'न', 'श' आणि 'ष', ऱ्हस्व आणि दीर्घ, सगळं चोख लागतं. प्रमाण मराठी स्वच्छ बोलणं ही भक्ती बर्वे यांची नोकरीच होती. आणि त्यांना अजरामर करणारी भूमिका मिळाली ती मात्र 'अशुद्ध' बोलणाऱ्या मुलीची.

'ती फुलराणी' म्हणजे नेमकं काय?

जॉर्ज बर्नार्ड शॉ यांचं 'पिग्मॅलियन' हे नाटक १९१३ मध्ये पहिल्यांदा रंगमंचावर आलं. लंडनच्या रस्त्यावर फुलं विकणारी एलायझा आणि उच्चारशास्त्राचा प्राध्यापक हिगिन्स यांची ही गोष्ट. या गावंढळ मुलीला काही महिन्यांत उच्चभ्रू बाईसारखं बोलायला शिकवून दाखवतो, अशी पैज प्राध्यापक लावतो. १९५६ मध्ये याच गोष्टीवर ब्रॉडवेचं 'माय फेअर लेडी' हे संगीत नाटक आलं आणि जगभर गाजलं.

पु. ल. देशपांडे यांनी ही गोष्ट मराठीत आणली. 'ती फुलराणी' १९७५ मध्ये रंगभूमीवर आलं. एलायझाची झाली मंजुळा साळुंके आणि हिगिन्सचा झाला प्राध्यापक अशोक जहागीरदार. मंजुळा होत्या भक्ती बर्वे, प्राध्यापक होते सतीश दुभाषी.

भाषांतर करून हे नाटक उभं राहिलंच नसतं. लंडनचा हेल मराठीत आणता येत नाही. म्हणून पुलंनी आपल्याकडच्या बोलण्यातला फरक धरला. कोण 'पाणी' म्हणतं आणि कोण 'पानी', यावरून समोरच्याची जात, वस्ती, शिक्षण आणि पगार यांचा अंदाज बांधण्याची जी सवय आपल्याला आहे, तिच्यावर हे नाटक बोट ठेवतं. प्रेक्षक मंजुळेच्या बोलण्याला हसतात आणि थोड्या वेळानं आपण नक्की कोणाला हसलो, असा प्रश्न त्यांना पडतो.

त्या स्वगतात एवढं काय आहे?

मोबाइलवर फिरणारा तुकडा म्हणजे मंजुळेचं एकटीचं स्वगत. उच्चार घोटवून घेणाऱ्या, येता-जाता अपमान करणाऱ्या प्राध्यापकाला एक दिवस कशी अद्दल घडवीन, याची ती कल्पना करते. शॉच्या मूळ नाटकात असं स्वगत नाही. 'माय फेअर लेडी'त मात्र एलायझाचं याच भावनेचं गाणं आहे. पुलंनी त्याचं मराठमोळं रूप असं रचलं, की त्यात लय गाण्याची आहे आणि ताकद संवादाची.

भक्ती बर्वे ते सादर करताना राग, नक्कल, लाड, स्वप्नरंजन आणि पोटातली भीती या सगळ्यांतून एका दमात जातात. आवाज कधी चिरका होतो, कधी एकदम राजेशाही. हसू येत असतानाच या मुलीला आजवर कोणी माणूस म्हणून विचारलेलं नाही, हेही कळतं.

अवघड भाग पुढे येतो. नाटकभर मंजुळेची भाषा बदलत जाते. आधी पूर्ण रांगडी, मग घोकून आलेली आणि मधेच घसरणारी, शेवटी प्राध्यापकालाही मागे टाकणारी. पण भाषा बदलली तरी मुलगी तीच वाटायला हवी. ज्या बाईचं स्वतःचं मराठी आकाशवाणीच्या तोलाचं, तिनं पहिल्या अंकात ते पूर्ण पुसून टाकायचं आणि तिसऱ्या अंकापर्यंत पायरीपायरीनं परत आणायचं. हे त्यांनी हजाराहून अधिक प्रयोगांत केलं.

सतीश दुभाषी १९८० मध्ये गेले. नाटक थांबलं नाही. नंतरच्या काळात सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष, हेमांगी कवी यांनी मंजुळा साकारली. २०२३ मध्ये याच गोष्टीवर 'फुलराणी' हा चित्रपटही आला, त्यात प्रियदर्शिनी इंदलकर आणि सुबोध भावे होते. प्रत्येक नव्या मंजुळेची तुलना मात्र पहिल्या मंजुळेशी होते.

फक्त फुलराणीच?

अजिबात नाही. विजया मेहता यांनी दिग्दर्शित केलेलं 'अजब न्याय वर्तुळाचा' हे ब्रेख्तच्या नाटकाचं मराठी रूप. चिं. त्र्यं. खानोलकरांनी लिहिलेल्या या नाटकात भक्ती बर्वे होत्या. म्हणजे प्रायोगिक शिस्तीचं नाटक आणि हाउसफुल्ल व्यावसायिक नाटक, दोन्हीकडे त्यांचा वावर होता.

अशोक पाटोळे यांच्या 'आई रिटायर होतेय'मध्ये त्या आई होत्या. घरासाठी आयुष्यभर राबलेली बाई एक दिवस आपणही निवृत्त होत असल्याचं जाहीर करते आणि घराची घडी विस्कटते. घरकामाला पगार नसतो आणि रविवारची सुट्टीही नसते, ही चर्चा आज रील्समधून होते. या नाटकानं ती कितीतरी आधी दिवाणखान्यात नेली होती.

नव्वदच्या दशकात अजित दळवी लिखित आणि चंद्रकांत कुलकर्णी दिग्दर्शित 'गांधी विरुद्ध गांधी' आलं. महात्मा गांधी आणि त्यांचा थोरला मुलगा हरिलाल यांच्यातल्या संघर्षाचं हे नाटक. गांधी होते अतुल कुलकर्णी आणि कस्तुरबा होत्या भक्ती बर्वे. नवरा आणि मुलगा यांच्यामध्ये भरडली जाणारी, कमी बोलणारी आई. तोंडाळ मंजुळेच्या अगदी उलट टोकाची ही भूमिका.

आणि दूरदर्शनवरच्या 'बहिणाबाई'. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी कधी शाळेत गेल्या नाहीत. शेतात, जात्यावर त्यांनी खानदेशी बोलीत रचलेल्या कविता त्यांच्या निधनानंतर, १९५२ मध्ये पुस्तकरूपानं आल्या. भक्ती बर्वे यांनी त्यांची भूमिका केली.

मंजुळा आणि बहिणाबाई शेजारी ठेवून पाहिल्या तर एक गोष्ट दिसते. मंजुळेची बोली नाटकातल्या प्राध्यापकाला दुरुस्त करायची असते. बहिणाबाईंच्या बोलीत दुरुस्त करण्यासारखं काहीच नाही, तीच त्यांची कविता आहे. प्रमाण भाषेतून घडलेल्या या अभिनेत्रीनं दोन्ही बोली तितक्याच मानानं उच्चारल्या. बोलीची टिंगल न करता ती बोलणं हे त्यांच्या कामाचं सर्वात मोठं वैशिष्ट्य म्हणता येईल.

'जाने भी दो यारो'मधली शोभा सेन

कुंदन शाह यांचा हा चित्रपट १९८३ चा. विनोद आणि सुधीर या दोन धडपड्या फोटोग्राफरना मुंबईतल्या बिल्डर आणि पालिका अधिकाऱ्यांच्या साटेलोट्याचा पुरावा मिळतो. त्यांना हे काम देणारी 'खबरदार'ची संपादक शोभा म्हणजे भक्ती बर्वे. नसीरुद्दीन शाह, रवी बासवानी, ओम पुरी, पंकज कपूर, सतीश शाह अशा फौजेत त्या उभ्या आहेत.

शोभा गोड बोलते, आत्मविश्वासानं बोलते आणि सत्याच्या बाजूची वाटते. प्रत्यक्षात तिला तो पुरावा छापायचा नसतो, बिल्डरकडून पैसे उकळायला वापरायचा असतो. माध्यमांवरचा विश्वास हा विषय आज रोज चर्चेत असताना ही व्यक्तिरेखा पुन्हा पाहण्यासारखी आहे. २०१२ मध्ये हा चित्रपट नव्यानं स्वच्छ केलेल्या प्रतीसह पुन्हा प्रदर्शित झाला. त्यामुळे भक्ती बर्वे यांच्या कामातला हा छोटासा भाग आज सर्वात सहज पाहायला मिळतो.

पुरस्कार, संसार आणि शेवटचा काळ

१९९० चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार त्यांना अभिनयासाठी मिळाला. नाटकातल्या कामासाठी देशपातळीवर मिळणारा हा मोठा सन्मान.

त्यांचे पती शफी इनामदार हेही रंगभूमीवरचेच. 'ये जो है जिंदगी' ही मालिका आणि 'अर्धसत्य' या चित्रपटामुळे ते घराघरात माहीत होते. १३ मार्च १९९६ रोजी त्यांचं निधन झालं.

भक्ती बर्वे काम करत राहिल्या. 'पु. ल., फुलराणी आणि मी' हा एकपात्री कार्यक्रम त्या करत. सोबत दुसरा नट नाही, मोठं नेपथ्य नाही, फक्त एक बाई आणि तिच्या आवाजातली माणसं. १२ जून २००० रोजी पुलं गेले. त्यानंतर बरोबर आठ महिन्यांनी फुलराणीही गेली.

नाटकवाले आणि रस्ता

तेव्हा मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वे नवा कोरा होता. टप्प्याटप्प्यानं खुला होत होता, पूर्ण व्हायला २००२ उजाडलं.

मराठी नाटक चालतंच दौऱ्यावर. वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह, ठाण्याचं गडकरी रंगायतन, पुण्याचं बालगंधर्व, मग सांगली, कोल्हापूर, नाशिक. नाटक एका गावात महिनोन्महिने बसत नाही, प्रेक्षकांकडे जातं. रात्रीचा प्रयोग संपायला मध्यरात्र होते, मेकअप उतरवून, सेट गाडीत भरून निघायचं आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी पडदा वर जायला हवा. शूटिंग असेल तर पहाटेपर्यंत मुंबई गाठायची.

या धावपळीनं याआधीही माणसं नेली होती. अरुण सरनाईक १९८४ मध्ये रस्ता अपघातात गेले. भक्ती बर्वे यांच्यानंतर डिसेंबर २०१२ मध्ये याच एक्स्प्रेस-वेवर आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे या अभिनेत्यांचा जीव गेला. प्रत्येक वेळी हळहळ झाली, दौरे मात्र तसेच सुरू राहिले. प्रयोग नाही तर त्या दिवसाची 'नाइट' नाही, म्हणजे मानधन नाही, हे नाटकाचं साधं गणित आहे.

आज काय उरलं आहे?

सिनेमातला नट गेला तरी सिनेमा राहतो. नाटकातला नट गेला की प्रयोगही जातो. हजाराहून अधिक प्रयोगांपैकी आपल्या हातात आहेत ते काही मिनिटांचे व्हिडिओ आणि ज्यांनी ते प्रयोग पाहिले त्यांच्या आठवणी. तेव्हा तिशीत असलेला प्रेक्षक आज ऐंशीच्या घरात आहे.

घरात असं कोणी असेल तर त्यांना विचारून बघा, भक्ती बर्वेंची फुलराणी पाहिली होती का? उत्तर हो असेल, तर बहुतेक वेळा पुढची काही मिनिटं तुम्हाला दुसऱ्या कुठल्या व्हिडिओची गरज पडणार नाही.

थोडक्यात : भक्ती बर्वे

- जन्म : १० सप्टेंबर १९४८
- सुरुवात : सुधा करमरकर यांची बालरंगभूमी, नंतर आकाशवाणी आणि मुंबई दूरदर्शन
- गाजलेली नाटकं : 'ती फुलराणी' (१९७५), 'अजब न्याय वर्तुळाचा', 'आई रिटायर होतेय', 'गांधी विरुद्ध गांधी'
- पडद्यावर : 'जाने भी दो यारो' (१९८३), दूरदर्शनवर 'बहिणाबाई'
- सन्मान : संगीत नाटक अकादमी पुरस्कार, १९९०
- निधन : १२ फेब्रुवारी २००१, भाताण बोगद्याजवळ, मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वे